पूर ओसरल्यानंतर घर : घाई कुठे करायची आणि कुठे नाही

आजचा विषय समोर बसलेल्या आणि ऑनलाइन ऐकणाऱ्या बऱ्याच जणांनी पुस्तकात वाचलेला नाही, अंगावर घेतलेला आहे. सांगलीत कुणालाही विचारा, "तुमच्या दारात पाणी कधी येतं?" तो तारीख सांगत नाही, फूट सांगतो. "आयर्विन पुलाला त्रेचाळीस झालं की आमच्या बोळात." आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आयुष्यात एकदाच येणारा पूर, असं तेव्हा सगळे म्हणाले. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. म्हणजे सोळा वर्षांत तीनदा.

पूर का येतो, धरणातून विसर्ग कधी सोडायचा, अलमट्टीचा फुगवटा किती, या विषयांवर खूप बोललं गेलं आहे. आज आम्ही त्यात शिरणार नाही. आम्ही बांधकामातली माणसं आहोत. पाणी उतरल्यानंतर लोकांच्या घरांत, दुकानांत, कचेऱ्यांत जाऊन भिंती ठोकून बघणं हे आमचं काम. तेव्हा आज एवढंच बोलू, की पाणी गेल्यावर घराचं काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि काय करायचं नाही.

आमच्या हातून झालेल्या चुकीपासून सुरुवात करू.

एका काकूंची भिंत

२०१९चं पाणी ऑगस्टच्या मध्यावर उतरलं आणि गणपती होते २ सप्टेंबरला. मध्ये तीन आठवडेसुद्धा नाहीत. गावभागातलं एक जुनं घर, काकू एकट्याच राहायच्या. कमरेच्या वर पाणी चढलं होतं. त्या म्हणाल्या, "काहीही करा, पण माझा गणपती या घाणेरड्या भिंतीसमोर बसायला नको." आम्हालाही ते पटलं. फुगलेला गिलावा तेवढा काढला, सिमेंटचा नवा लावला, वर पुट्टी आणि डिस्टेंपर. गणपती थाटात बसले.

दिवाळीला रंगाला फुगे आले. संक्रांतीला पोपडे पडायला लागले आणि त्यांच्या मागे पांढरी भुकटी दिसली. उन्हाळ्यात कमरेइतका सगळा गिलावा पोकळ वाजायला लागला. सरकारच्या सानुग्रह अनुदानाचे पैसे आणि वर काकूंची थोडी शिल्लक, दोन्ही त्या भिंतीत गेलं होतं. ते सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. काकू आम्हाला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या भिंतीनं जे शिकवलं ते एका वाक्यात सांगायचं तर : घाई चिखलाची करायची, रंगाची नाही. बाकीचं व्याख्यान म्हणजे या वाक्याचा विस्तार आहे.

पहिले आठ दिवस : इथे मात्र घाई करा

घरात पाऊल टाकायच्या आधी बाहेरून एक चक्कर मारा. भिंत ओळंब्यात आहे का, कोपऱ्यात जोत्यापासून वर नवीन तडा गेलाय का, तुळई किंवा छत खाली झुकलंय का, हे बघा. मातीच्या चुन्यात-दगडात बांधलेला जुना वाडा असेल तर जास्तच सांभाळून. अशी भिंत पाण्यात असताना उभी राहते आणि पाणी उतरल्यावर दोन-चार दिवसांनी बसते, कारण आतली माती तोवर लोण्यासारखी झालेली असते. शंका असेल तर आत जाऊ नका.

मग वीज. मेन स्विच पाण्याखाली गेला असेल तर त्याला हात लावायचा नाही. पुरवठा बाहेरून, महावितरणच्या माणसाकडून बंद झाल्याची खात्री करा. गॅसचा वास येतोय का बघा, सिलिंडर बाहेर काढा. पायात गमबूट आणि हातात काठी हवी. साप, विंचू कपाटामागे, माळ्यावर, गादीखाली आसरा घेतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ताप आला तर अंगावर काढू नका, दवाखान्यात "पुराच्या पाण्यात होतो" असं आवर्जून सांगा.

तिसरी गोष्ट, फोटो. चिखल काढायच्या आधी. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी उभी धरलेली मोजपट्टी, प्रत्येक खोली, प्रत्येक खराब वस्तू, तिचा नंबर दिसेल असा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत किंवा विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत चिखल तसाच ठेवायचा का, असं लोक विचारतात. पंचनामा होण्यासारखा असेल तर आधी करून घ्या. पण दिवसचे दिवस वाट बघत बसू नका. विमा असेल तर कंपनीला फोन आणि लेखी कळवणं त्याच दिवशी. फेकायच्या वस्तूंचा नमुना राखून ठेवा.

आणि मग चिखल. तो ओला असतानाच निघतो. कृष्णाकाठचा गाळ वाळला की खापरासारखा होतो, मग फरशीवरून पहारीनं काढावा लागतो. वरून खाली धुवत या. भिंतीतल्या खोबणी, स्विचबोर्डाचे डबे, चौकटींच्या मागची फट, जिन्याखालचा कोपरा, इथे गाळ राहिला तर पुढचे सहा महिने तिथूनच वास आणि ओल येते. भिंतींना लावलेली प्लायवूडची कपाटं, लॅमिनेट, पॅनेलिंग, सगळं ताबडतोब सोडवा. प्लाय फुगलं की परत बसत नाही, आणि त्याच्या मागे भिंत वाळत नाही. सागवानी दारं मात्र टाकू नका. सावलीत, आडवी, खाली ठोकळे देऊन वाळवा. उन्हात उभी केलीत तर पिळवटतील.

धुतल्यावर ब्लिचिंग पावडरचं पाणी फिरवा. एक धोका लक्षात ठेवा. ब्लिचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, मग भरा. पिण्याच्या टाकीला हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल पावडर, आणि अर्धा तास थांबणं. तरीही पहिले काही आठवडे पाणी उकळून प्या.

व्यापाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. दुकानाला तळघर असेल तर बाहेरचं पाणी उतरलं म्हणून एका रात्रीत पंप लावून ते रिकामं करू नका. बाहेरची माती अजून पाण्यानं भरलेली असते, तिचा दाब भिंतीवर असतो, आणि आतलं पाणी त्या दाबाला टेकू देत असतं. दोन-तीन फूट उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पाणी परत वर आलं तर अजून वेळ आहे असं समजा.

वायरिंग : बाहेरून वाळलेलं, आतून नाही

भिंतीतल्या पाइपात पाणी आणि गाळ दोन्ही शिरतात. बोर्ड वाळला म्हणून लाइट सुरू केला आणि शॉक बसला, असं घडतं. पाण्याखाली गेलेले एमसीबी, ईएलसीबी, स्विच आणि सॉकेट बदलायचेच. केस ड्रायरनं सुकवून चालवायचे नाहीत. वायर ओढून काढा, जिथे जोड आहेत ती बदला, आणि वायरमनकडून मेगर लावून तपासणी करून घ्या. अर्थिंगसुद्धा तपासा. पंपाची मोटर वाळवून किंवा वायंडिंग करून परत चालते. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर तज्ज्ञानं उघडून बघितल्याशिवाय प्लग लावू नका. कॉम्प्युटरचंही तसंच. हार्ड डिस्कवर दुकानाचा सगळा हिशेब असेल, तर "चालू होतोय का बघू" हा मोह टाळा. चालू करण्यानंच ती कायमची जाते.

भिंत : इथे थांबायचं

आता मुख्य मुद्दा. वीट म्हणजे दगड नाही, तो स्पंज आहे. आठ दिवस पाण्यात उभी असलेली भिंत आरपार भिजते. शिवाय पाणी रेघेच्या वरही चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून रेघ चार फुटांवर असेल तर ओल पाच-साडेपाच फुटांवर सापडते.

वाळायला किती वेळ लागतो? आम्ही एक ढोबळ हिशेब धरतो : वाळणाऱ्या बाजूपासून आत, एका इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत, दोन्ही बाजू उघड्या, म्हणजे दोन्हीकडून साडेचार-साडेचार इंच, म्हणून साडेचार महिने. एका बाजूला फरशा किंवा ऑइल पेंट असेल किंवा शेजाऱ्याची भिंत चिकटून असेल, तर एकाच बाजूनं वाळणार, म्हणजे नऊ महिने. वाड्याची दोन फुटी भिंत? वर्ष धरा. त्यात पावसाळी हवेत वाळणं जवळजवळ होतच नाही. म्हणजे हा हिशेब ऑगस्टपासून मोजायचा नाही, दसऱ्यापासून मोजायचा. दसऱ्यापासून साडेचार महिने म्हणजे फेब्रुवारी संपतो. तेव्हा साध्या नऊ इंची भिंतीला रंग लावायचा मुहूर्त गणपती नाही, दिवाळीही नाही, गुढीपाडवा आहे.

त्याआधी रंगवलं तर काय होतं? पाणी बाहेर येतच राहतं. येताना विटेतले, मातीतले आणि पुराच्या पाण्यातले क्षार घेऊन येतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहून त्यांचे खडे होतात. आपण त्याला लोणा लागला म्हणतो, खार फुटला म्हणतो. रंगाचा थर बंद असेल तर हे खडे त्याच्या मागे वाढतात आणि रंग, पुट्टी, गिलावा, सगळं पुढे ढकलतात. काकूंच्या घरी हेच झालं. त्यांची जुनी भिंत चुन्याची होती, तिच्यावर आम्ही सिमेंटचा थर दिला. चुना श्वास घेतो, सिमेंट त्यामानानं खूप कमी. आम्ही त्या भिंतीचं तोंड दाबलं होतं.

तर करायचं असं. पोकळ वाजणारा गिलावा ओलीच्या खुणेच्या वर फूटभर जाऊन काढा. विटा उघड्या ठेवा. दारं-खिडक्या समोरासमोर उघडा, पंखा लावा. भिंतीला टेकून कपाट, गादी, पोती ठेवू नका. लोणा आला तर कोरड्या ब्रशनं झाडा आणि ती भुकटी सुपात धरून बाहेर टाका. पाण्यानं धुतलं तर क्षार विरघळून परत आत जातो. महिन्या-दोन महिन्यांनी परीक्षा घ्या : दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपनं चिकटवा, एक दिवस ठेवा. आतून दव आलं तर भिंत अजून ओली आहे. कोरडा राहिला तर गवंड्याला बोलवा.

आणि गणपतीचं काय? त्याला उपाय आहे, आणि तो आपल्या आजी-आजोबांना माहीत होता. चुन्याचा हात. सुटे पोपडे, जुना ऑइल पेंट खरवडा, आणि विरवलेल्या चुन्याचे दोन हात द्या. भिंत पांढरीशुभ्र होते, बुरशीला आळा बसतो, खर्च थोडा, आणि ओल बाहेर यायची वाट बंद होत नाही. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, एवढंच.

तड्यांच्या बाबतीतही थांबायचं. सांगली, मिरज भागात बऱ्याच घरांच्या पायाखाली काळी माती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून काही तडे पुरात पडतच नाहीत, ते नोव्हेंबर ते मे या काळात उघडतात. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं तारीख लिहा. मध्ये काचेची पातळ पट्टी चिकटवा. ती तुटली तर तडा चालू आहे, भरून उपयोग नाही, इंजिनिअरला दाखवा. उन्हाळाभर टिकली तर भरा.

सातारा जिल्ह्यात प्रश्न वेगळा

इथवर बोललो ते साचलेल्या पाण्याबद्दल. सांगलीत पाणी सावकाश चढतं आणि दिवसच्या दिवस बसून राहतं. कोयना आणि कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात, पाटण, महाबळेश्वर, वाईच्या डोंगरी भागात, पाणी धावत येतं आणि धावत जातं. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पाण्यानं भिंत भिजण्यापेक्षा पाया उघडा पडतो. म्हणून तिकडे भिंतीआधी पायाकडे बघायचं. जोत्याखालची माती वाहून पोकळी झाली असेल तर वरून नुसता भराव टाकून ती भरत नाही. दगड आणि काँक्रीटनं, थोड्या थोड्या लांबीत, एकाच वेळी सगळा पाया न उकरता भरावी लागते.

आणि एक गोष्ट दुरुस्तीच्या पलीकडची आहे. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी घरांवर आल्या, माणसं गेली. तुमचं घर डोंगराच्या उतारावर असेल आणि घराच्या वरच्या अंगाला जमिनीला लांब भेग दिसत असेल, झाडं किंवा विजेचे खांब कलले असतील, नवा गढूळ झरा फुटला असेल, काल सहज लागणारं दार आज अडकत असेल, तर कृपा करून गवंड्याला बोलवू नका. घर सोडा, ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना कळवा. त्या भेगेत सिमेंट ओतून काही होत नाही.

कागद

सांगलीच्या नगर वाचनालयात २०१९ला पाणी शिरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या ग्रंथांचं फार मोठं नुकसान झालं. दुकानांच्या वह्या, वकिलांच्या फायली, घरोघरची खरेदीखतं आणि लग्नाचे अल्बम, यांची तर मोजदादच नाही. सात-बारा, मिळकतपत्रिका पुन्हा मिळते. आजोबांच्या हातची वंशावळ मिळत नाही.

भिजलेलं पुस्तक ओढून उघडू नका, उन्हात टाकू नका. चिकटलेली पानं तशीच राहू द्या. पुस्तक उभं करून पंख्याखाली, सावलीत ठेवा आणि थोड्या थोड्या पानांनंतर कोरा टिपकागद घाला, तो बदलत राहा. बुरशी दोन दिवसांत धरते. एवढ्या वेळात सगळं होणार नसेल तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि मग सवडीनं थोडे थोडे काढून वाळवता येतात. इटलीत फ्लोरेन्सला ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, तेव्हा लोकांनी तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये पुस्तकं सुकवली होती. ते काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. वेळ विकत घेता आला पाहिजे, एवढाच त्यातला धडा.

परत बांधताना

हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीच्या पोटात. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहायची. २००५चं पाणी पेवांत शिरलं आणि मोठं नुकसान झालं. आधीच्या पिढ्यांचा अनुभव खोटा नव्हता, पण पाण्याची उंची बदलली होती. आपल्यालाही घर २००५च्या आधीच्या पाण्यासाठी बांधून चालणार नाही.

म्हणून दुरुस्ती करताना "परत येणार" असं धरूनच करा. सॉकेट आणि मेन बोर्ड २०१९च्या रेघेच्या वर, निदान खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं. स्वयंपाकघरात प्लायवूडच्या ट्रॉलीऐवजी कडप्प्याच्या मांडण्या. तळमजल्याला शहाबादी किंवा साधी फरशी, लाकडी नाही. आणि दारामागे, भिंतीवर, रंगाखाली जाणार नाही अशी एक खूण : कोणत्या साली पाणी कुठपर्यंत आलं, आणि तेव्हा आयर्विनला किती फूट होतं. पुढच्या वेळी घरातल्या लहानग्यालाही कळेल, सामान कधी उचलायचं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*हॅलोजन किंवा हीटर लावून भिंत लवकर वाळवली तर?*
वरचा थर वाळतो, आतली ओल तशीच राहते. गिलाव्याला तडे जातात आणि लोणा उलट जास्त येतो. पंखा आणि वारा पुरे.

*रंगाचा दुकानदार म्हणतो, वॉटरप्रूफ कोटिंग लावा, ओल येणारच नाही.*
ओल बाहेर दिसणार नाही हे खरं. ती आत राहील. कोरड्या भिंतीला बाहेरून लावायला हरकत नाही. ओल्या भिंतीला नाही.

*आमचं घर तीनदा बुडालंय. दुरुस्त करत राहायचं, की सोडायचं?*
याचं उत्तर आम्ही व्यासपीठावरून देऊ नये. घर निळ्या पूररेषेच्या आत आहे, की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये, हे आधी बघा. निळ्याच्या आत असेल तर ते पुन्हा बुडणार, हे मान्य करून हिशेब करा : तीन दुरुस्त्यांना किती गेले, चौथीला किती जातील. जायला जागा असेल तर जा. नसेल, आणि बऱ्याच जणांना नसते, तर निदान चौथी दुरुस्ती तरी अशी करा की पाचवी फक्त पाणी मारून, चुना लावून भागेल.

त्या काकूंनी तेच केलं. कमरेपर्यंत चुन्याचा गिलावा, सॉकेट डोक्याच्या उंचीवर. २०२१ला पाणी पुन्हा घरात आलं. या वेळी त्यांनी आम्हाला बोलावलं नाही. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, भिंती धुतल्या, चुन्याचा हात दिला आणि गणपती बसवले. आम्ही आरतीला गेलो होतो.